पाण्याचा अहवाल आणि नदीची प्रकृती

नदीची प्रकृती तपासणे हे माझे काम. पण कृष्णेचा अहवाल म्हणून जे कागद समोर येतात त्यांत नदी कमी आणि पाणी जास्त असते: विरघळलेला प्राणवायू, बीओडी (सेंद्रिय घाण कुजवायला लागणारा प्राणवायू), सामू, कोलिफॉर्म. हे आकडे खोटे नसतात, फक्त नमुना घेतला त्या घटकेपुरते खरे असतात. सांगलीच्या आसपास उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर शेवाळ माजते. ते दिवसा प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते. नमुना मात्र कचेरीच्या वेळेत भरला जातो. अंघोळीच्या पाण्याला लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. हा निकष दुपारी सहज पार होतो, पहाटे मासा मात्र गुदमरतो. मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ मेलेल्या माशांचा खच पडला. त्याला जबाबदार कोण, हा वेगळा वाद. पण मासे मेल्यावर घेतलेल्या नमुन्याने त्यांना मारणारे पाणी हाती लागत नाही, ते केव्हाच पुढे गेलेले असते.

म्हणून मी दगडाखालच्या किड्यांवर जास्त विश्वास ठेवतो. मेफ्लाय, स्टोनफ्लाय यांची पिल्ले कित्येक महिने पाण्यातच वाढतात. मधल्या काळात एका रात्री जरी मळी सोडली गेली, तरी त्यांची गैरहजेरी ते सांगते. वाईच्या वरच्या अंगाला, खळाळत्या ओढ्यांत अशा नाजूक जातींना आसरा असतो. शहराचा नाला मिळाला की त्या जातात आणि तळाच्या गाळात लाल अळ्या उरतात, कारण त्यांच्या रक्तातले हिमोग्लोबिन कमी प्राणवायूतही त्यांना तगवते. यावर आक्षेप येतो की किड्यांवरून पाणी जोखण्याची ही मोजपट्टी ब्रिटनची. मूळ तिथलेच खरे, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती भारतीय नद्यांसाठी बेतून पाच वर्गांचे जैविक निकष ठरवले आहेत. पुरात किडे वाहून जातात, हा आक्षेप जास्त रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे पाहणी पावसाळ्याआधी आणि पूर ओसरून नदी स्थिरावल्यावर, अशी दोनदा करणे. ‘भिलवडी-औदुंबरच्या डोहात मगरी आहेत, म्हणजे नदी ठणठणीतच ना?’ असेही विचारतात. मगर हवेत श्वास घेते, पाण्यात प्राणवायू किती यावर तिचे अडत नाही. तिच्यावरून नदीला प्रमाणपत्र देता येत नाही.

प्रवाहाचा प्रश्न याहून अवघड. कोयनेचे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने दिली. पूर्वेला सुटणाऱ्या पाण्यावर ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांची भिस्त असते. दुष्काळी तालुक्यांची तहान खोटी नाही, आणि आधी नदी मग शेत असे मी म्हणणार नाही. पण पात्रातले पाणी घटले की सांगलीच्या शेरीनाल्याचे तेवढेच सांडपाणी दुप्पट जाच करते, हे बीओडीच्या एका आकड्यातून कळत नाही. विसर्ग आणि किडे यांची नोंद शेजारीशेजारी ठेवली तरच कळते. तेव्हा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मासिक तक्त्यात कऱ्हाडचा प्रीतिसंगम, भिलवडी आणि हरिपूर या तीन ठिकाणी तरी जैविक नोंदीचा रकाना हवा. तो मागणे सातारा-सांगलीकरांच्या हातात आहे.