कारंजा : एका नावाच्या शोधाची वाट

वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) हे वऱ्हाडातील जुने व्यापारी गाव. मूर्तिजापूरहून दक्षिणेकडे येणारा रस्ता कापसाच्या शेतांमधून या गावात शिरतो. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे येथे आहेत. भट्टारकांच्या पीठांमुळे हस्तलिखितांचे मोठे भांडार येथे जमले आणि पुष्पदंतांच्या अपभ्रंश काव्यांची संपादने येथील जैन ग्रंथमालेतून प्रकाशित झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या महावीर ब्रह्मचर्याश्रमामुळे शिक्षणाच्या क्षेत्रातही गावाचे नाव झाले. मात्र विदर्भातील अनेक कुटुंबांसाठी कारंजाचे आणखी एक महत्त्व आहे. त्यांच्या पूर्वजांची नावे येथील धातुमूर्तींच्या पाठीवर कोरलेली आहेत.

अशाच एका नावाच्या शोधात नागपूरचे एक बघेरवाल कुटुंब कारंजाला आले. त्यांच्या घरच्या जुन्या वहीत वंशावळ होती. पण तीत सगळी नावे पुरुषांचीच. खापरपणजोबांच्या नावाशेजारी जागा कोरी होती. घरात त्यांच्या पत्नीचा उल्लेख ‘मोठ्या बाई’ असा होई. पार्श्वनाथांची लहान मूर्ती, पितळी समई आणि भाद्रपदातील उपवासांची शिस्त त्यांच्यापासून चालत आलेली. नाव मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

घरातील सुनेने प्रथम अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आत्याबाईंना विचारले. “त्यांना नावाने हाक कोण मारणार? सासू नव्हती, नवरा लवकर गेला. मग उरल्या त्या मोठ्या बाईच,” असे आत्याबाई म्हणाल्या. अकोल्याच्या चुलत सासऱ्यांनी वेगळेच सांगितले. पतीच्या मागे मोठ्या बाईंनी कापसाच्या देण्याघेण्याचा हिशेब स्वतः सांभाळला आणि अंगावरचे दागिने मोडून मुलाला शिकवले. यवतमाळच्या मामेसासूबाईंच्या मते त्या दुसरेपणाच्या होत्या. तिघांच्या हकिकती एकमेकींशी जुळत नव्हत्या. पण एका गोष्टीवर तिघांचेही एकमत होते : लग्नानंतर थोड्याच वर्षांत या दांपत्याने कारंजाच्या मंदिरात एक मूर्ती दिली होती.

वडीलधाऱ्यांकडून माहिती काढण्याची एक रीत त्या सुनेला या बोलण्यांतून उमगली. “खापरपणजीचे नाव काय?” असे थेट विचारले की “आठवत नाही” एवढेच उत्तर मिळते. समई समोर ठेवून “ही कोण घासायचे?” असे विचारले, की पाठोपाठ माणसे, गावे, लग्ने आणि रुसवेफुगवे आठवू लागतात. आत्याबाईंना मूर्तीची आठवण अशीच झाली. त्यांच्या आईने समई घासता घासता सांगितलेली ती गोष्ट होती.

मंदिराच्या विश्वस्तांची परवानगी घेऊन एका सकाळी अभिषेकानंतर शोध सुरू झाला. शुद्ध वस्त्रे नेसलेले पुजारी एकेक लहान मूर्ती उजेडात धरत आणि कुटुंबीय तिच्या पाठीवरील अक्षरे वाचत. अशा लेखांची मांडणी बरीच ठरलेली असते. आधी शक किंवा संवत, मग संघ आणि गण, भट्टारकांचे नाव, दात्याची ज्ञाती व गोत्र. त्यानंतर दात्याचे नाव, ‘भार्या’ या शब्दापुढे पत्नीचे, मग पुत्रांची नावे. शेवटी बहुधा ‘नित्यं प्रणमति’ हे शब्द. म्हणजे ही माणसे या जिनबिंबाला नित्य वंदन करीत आहेत. विद्याधर जोहरापूरकरांनी ‘भट्टारक संप्रदाय’ या १९५८ च्या ग्रंथात असे अनेक लेख एकत्र केले. त्यांतून भट्टारकांच्या परंपरांचा कालक्रम उभा राहिला.

दुपार होत आली तेव्हा एका लहान मूर्तीवर शके १७९८ अशी अक्षरे लागली. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे हे साल १८७६. गोत्र जुळले, खापरपणजोबांचे नाव जुळले. ‘भार्या’ या शब्दापुढे दोनच अक्षरे होती. अभिषेकांनी झिजली होती, तरी वाचता येत होती.

सुनेने तेथूनच आत्याबाईंना फोन लावून ते नाव सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आत्याबाई म्हणाल्या, “माझ्या थोरल्या बहिणीचे हेच नाव होते. ती वर्षाची होऊन गेली. आई म्हणायची, नाव घरातलेच ठेवले. कोणाचे ते मी कधी विचारले नाही.”

मोठ्या बाई दुसरेपणाच्या होत्या की नाही, याचे उत्तर त्या लेखात नव्हते. दागिन्यांची गोष्टही तोंडोतोंडीच राहिली. तरी शके १७९८ मध्ये पतीच्या बरोबरीने त्यांचे नाव जिनचरणी कोरले गेले होते, हे आता निश्चित झाले.

नागपूरला परतल्यावर वंशावळ नव्याने लिहिण्यात आली. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी पत्नीसाठी आणि मुलींसाठी जागा आखली गेली. आत्याबाईंनी तीन दुपारी बसून आठवतील तेवढी नावे सांगितली. वर्षाची होऊन गेलेली थोरली बहीणही त्या कागदावर आली. काही जागा अजून कोऱ्या आहेत. त्यांतील काहींची उत्तरे यवतमाळच्या मामेसासूबाईंकडे असतील. त्यांचे वय आज एक्याण्णव आहे आणि पुढच्या आठवड्यात सून त्यांच्याकडे निघाली आहे, सोबत ती समई घेऊन.