थोडें बाजूला पाहा

आमच्या लोणंदच्या घरांत कॅमेरा आला तो आकाशासाठीं नव्हे. थोरल्या नातवाची मुंज ठरली होती. शिवाय दरसाल आषाढीच्या वारींत माउलींची पालखी नीरास्नान आटोपून आमच्या गांवीं मुक्कामास येते, तिचीं छायाचित्रें घरींच काढावींत असा तरुण मंडळींचा आग्रह होता. मुंज झाली, पालखी पुढें गेली, आणि कॅमेरा आपल्या पन्नास मिलिमीटरच्या साध्या लेन्ससह कपाटांत जाऊन बसला. तो तेथून बाहेर काढावा असें आम्हांस कां वाटलें, हें सांगावयाचें म्हणजे एक जुनें असत्य कबूल करणें भाग आहे.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असतांना आमचे चुलते तात्या घरांतील सर्व मुलांना अंगणांत ओळीनें निजवून नक्षत्रें ओळखावयास शिकवीत. कृत्तिका, रोहिणी, मृग, व्याध हें सारें आम्हांस चटकन् साधलें. एके रात्रीं शर्मिष्ठेच्या पांच ताऱ्यांवरून शेजारच्या देवयानींत उतरून तात्या म्हणाले, "तेथें एक पांढुरका डाग आहे. ती आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा. तिच्याकडे रोखून पाहूं नका. थोडें बाजूला पाहा, म्हणजे दिसेल." एकामागून एक भावंडें "दिसली, दिसली" म्हणूं लागलीं. आमची पाळी आली. आम्हांस कांहींच दिसलें नव्हतें. परंतु मागें राहण्याची लाज वाटून आम्हींही "दिसली, तात्या" असें म्हणून टाकलें. पुढें शिक्षण, नोकरी, बदल्या यांत पन्नास वर्षें गेलीं. असत्य कांट्याच्या टोंकाएवढें होतें खरें. पण मोडलेला कांटाच अधिक दिवस सलतो.

सेवानिवृत्त होऊन आम्ही गांवीं परतलों तेव्हां तात्यांनीं ऐंशी ओलांडली होती. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मध्यभाग निकामी झाला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांस दिसत नाहीं. कडेचें मात्र अंधुक दिसतें. "आतां देवयानी पाहणें संपलें," असें ते एकदां सहज बोलले, आणि आमच्या मनांत कॅमेऱ्याची आठवण झाली.

दुर्बिणीवांचून असलें छायाचित्र निघेल हें आम्हांसही खरें वाटेना. परंतु १८८९ सालीं अमेरिकेंतील लिक वेधशाळेंत बार्नार्ड यांनीं आकाशगंगेचीं जीं छायाचित्रें घेण्यास आरंभ केला, त्यांसाठीं त्यांनीं माणसांचे चेहरे टिपण्याकरितां बनविलेलें भिंगच वापरलें होतें. आपल्या दख्खनच्या कोरड्या हवेचा लौकिकही जुना आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठीं पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ दिला होता. लिक वेधशाळेची तुकडीही सातासमुद्रांपलीकडून त्याच गांवीं आली होती. मग आम्ही लोणंदच्या बाहेर एक मैल जावयास काय हरकत होती?

कार्तिकांतील अमावास्येच्या रात्रीं पुतण्यास बरोबर घेऊन आम्ही एका स्नेह्याच्या शेतावर, कांद्याच्या चाळीमागें, ट्रायपॉड उभा केला. त्या दिवसांत रात्रीं आठच्या सुमारास देवयानी आमच्या माथ्याच्या थोडी उत्तरेस येते. आम्ही मोठ्या उत्साहानें कॅमेऱ्याचें दार एकदम तीस सेकंद उघडें ठेवलें. चित्रांत ताऱ्यांच्या जागीं तांदळाच्या शेवया उमटल्या! पृथ्वी फिरते, आकाश तासाला पंधरा अंश सरकतें, हें आम्हीं शाळेंत घोकलें होतें. पण त्याचा पुरावा असा पदरांत पडेल असें वाटलें नव्हतें. वेळ चार सेकंदांवर आणतांच तारे बिंदु झाले, पण फुगीर बिंदु. लेन्सवरील अनंताच्या खुणेवर विसंबून चालत नाहीं. एखादा ठळक तारा मागच्या पडद्यावर दहापट मोठा करून, तो टांचणीच्या अग्राएवढा होईपर्यंत कडें हातानें फिरवावें लागतें, आणि मग तें चिकटपट्टीनें पक्कें करावें लागतें. इतकें होईतों दंव पडून भिंग धुरकटलें. ती रात्र तशीच गेली.

दुसऱ्या रात्रीं वहिनींनीं गरम पाण्याची पिशवी लोकरी मोज्यांत घालून दिली. "माझे गुडघे एक रात्र थांबतील," असें त्या म्हणाल्या. ती लेन्सखालीं बांधली आणि दंव हटलें. अॅपर्चर २.८, आय.एस.ओ. १६००, चार-चार सेकंदांचीं चारशें चित्रें, सर्व 'रॉ' या कच्च्या स्वरूपांत. दर दहा मिनिटांनीं कॅमेरा पुन्हा देवयानीकडे वळवावयाचा. शेवटीं झांकण लावून तितक्याच वेळेचीं तीस काळीं चित्रें, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष पुढें वजा करतां येतात. एवढाच काय तो विधि.

यांतील एक-एक चित्र पाहावें तर निराशा होते. काळ्या-राखाडी रव्यांत डाग आहे कीं नाहीं, शपथेवर सांगतां येत नाहीं. परंतु संगणकावर डीप स्काय स्टॅकर या फुकट मिळणाऱ्या प्रणालींत तीं चारशें चित्रें ताऱ्यांवर तारे ठेवून एकत्र केलीं कीं नवल घडतें. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक चित्रांत त्याच जागीं पडतो, म्हणून तो चारशेंपट होतो. रवाळपणा दर वेळीं निराळ्या जागीं सांडतो, म्हणून तो केवळ वीसपट वाढतो. उघडच चित्र वीसपट स्वच्छ होतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास हें गणित नवें नाहीं. एकट्याची मिळकत कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. सर्वांची एका ठिकाणीं आली कीं घर उभें राही, आणि ज्याचा-त्याचा तऱ्हेवाईकपणा परस्पर जिरून जाई.

मध्यरात्रीं पडद्यावर तिरकस, लांबट तेज उमटलें. इ. स. ९६४ च्या सुमारास अल्-सूफी या पर्शियन ज्योतिर्विदानें ज्यास लहानसा ढग म्हणून नोंदलें, आणि जें आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हें १९२३ सालीं हबल यांस तेथील एका रूपविकारी ताऱ्यावरून समजूं लागलें, तेंच हें. तो प्रकाश सुमारें पंचवीस लक्ष वर्षांपूर्वीं निघालेला. तेव्हां 'दिसली' असें खोटें सांगावयास पृथ्वीवर आपल्यासारखा माणूसच नव्हता.

सकाळीं माजघरांतील टीव्हीवर चित्र लावून तात्यांस समोर बसविलें. ते बराच वेळ पाहत राहिले. "समोर कांहींच नाहीं रे," असें म्हणाले. आमचें मन खट्टू झालें. मग त्यांनीं दाराकडे मान वळविली, आणि डोळ्याच्या कडेनें चित्र न्याहाळीत हलकेंच म्हणाले, "ही काय. अशीच तिरपी."

आम्हीं त्यांच्या पायांशीं बसून पन्नास वर्षांपूर्वींचें असत्य सांगून टाकलें. तात्या हंसले. "तें मला तेव्हांच कळलें होतें. तूं डोळे रोखून 'दिसली' म्हणालास. खरी दिसली असती तर तुझी मान वळली असती."

"मग तुम्ही बोललां कां नाहीं?"

"म्हटलें, आज ना उद्यां पाहशील."

त्याच रात्रीं आम्ही कॅमेऱ्यावांचून शेतावर गेलों. अर्धा तास अंधारांत बसून डोळे निवूं दिले आणि थोडें बाजूला पाहिलें. दिसली.

पुढील अमावास्येस घरांतील मुलांना तेथें नेलें, आणि आधींच बजावलें कीं न दिसल्यास 'नाहीं दिसली' असेंच सांगावें. कोणी हंसणार नाहीं. धाकट्या नातीनें तसें चारदां सांगितलें. पांचव्यांदा ती कांहींच बोलली नाहीं. तिची मान मात्र किंचित् वळली होती.