न झालेल्या जखमेचा हिशेब

नागपूर,
१४ मे

चि. भाचीस,


१२ मेचा, परिचारिका दिनाचा फोटो मिळाला. पांढरा गणवेश, हातात मेणबत्ती, मागच्या फ्लेक्सवर नाइटिंगेलबाई. ‘केक कापला आणि लगेच ड्युटीवर’ हे खाली लिहिलेलं वाचून तुझी आजी हसली. मग म्हणाली, ‘‘माझ्या सिस्टरला कोणी केक दिला असेल का बाप्पा?’’

तिची सिस्टर म्हणजे, गेल्या वर्षी खुबा मोडला तेव्हा रात्रपाळीला असायची ती. नाव आजीला आजही ठाऊक नाही. इथल्याच एका मोठ्या दवाखान्यातला वॉर्ड, दोन खाटांमधल्या जागेतही गाद्या टाकलेल्या, कूलरची घरघर. रात्री दोनच्या सुमाराला ती यायची, मावशींना हाक मारायची आणि दोघी मिळून, पायांमध्ये उशी ठेवून, चादरीला धरून आजीला कुशीवर वळवायच्या. मग मोबाइलचा उजेड माकडहाडावर, टाचांवर. बोटाने दाबून बघायचं, लाली जाते की तशीच राहते. तेवढं झालं की शेजारच्या खाटेशी. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत सलाइनचे थेंब मोजायचे. अर्ध्या लिटरची बाटली आठ तासांत उतरवायची, तर मिलिलिटरला वीस थेंबांच्या सेटने मिनिटाला एकवीस. बावीस झाले की चाक किंचित मागे.

तीन आठवड्यांनी आजी घरी आली तेव्हा पाठीवर ओरखडाही नव्हता. डिस्चार्ज कार्डावर सर्जनचं नाव होतं, भूलतज्ज्ञाचं होतं, गोळ्यांची नावं होती. न झालेल्या जखमेसाठी त्यावर रकाना नसतो.

तुमच्या कामाचा सत्कार करायला गेलं की लोक अडखळतात ते इथे. डॉक्टरने काय केलं ते सांगता येतं. सिस्टरने काय होऊ दिलं नाही ते सांगायचं कसं? मग ‘सेवा’, ‘त्याग’, ‘माता’ असले शब्द काढून वेळ मारून नेली जाते.

केईएमच्या अरुणा शानबाग तुला अभ्यासात भेटल्या असतील त्या बहुधा दयामरणाच्या धड्यात. २७ नोव्हेंबर १९७३ ला रुग्णालयाच्या तळघरात कपडे बदलायला गेलेल्या या परिचारिकेवर तिथल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. तेव्हापासून १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, अंथरुणाला खिळलेल्या त्यांना सांभाळलं ते त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांनी. एक पिढी निवृत्त झाली, दुसरीने जबाबदारी हाती घेतली. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर दयामरणाचा मोठा प्रश्न होता, पण त्यात एक साधी नोंदही आहे: सदतीस वर्षांत या रुग्णाला एकही शय्याव्रण झालं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, हा तुमचा पुस्तकी नियम धरून मी गुणाकार केला. एक लाख बासष्ट हजार वेळा! यातल्या एकाही वेळेचा फोटो कोणी काढला नसेल.

आणि काही घडलंच, तर मात्र परिचारिका लगेच दिसते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे इथून तासाभराच्या वाटेवर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली, सात वाचवता आली. पुढे गुन्हा नोंदला गेला तो दोन परिचारिकांवर. दोष कोणाचा हे न्यायालय बघेल. पण वायरिंग, इमारत, आग विझवण्याची सोय यांच्या फायली ज्या टेबलांवरून फिरतात, त्यातलं एकही टेबल रात्रपाळीच्या सिस्टरचं नसतं.

आपल्या नागपूरला तुझ्या पेशाची एक मोठी कथा आहे, ती तुला कोणी सांगितली का, ठाऊक नाही. कमलाताई होस्पेट. जन्म १८९६ चा, बालविवाह, कोवळ्या वयात वैधव्य. त्या काळात चांगल्या घरच्या बाईने परक्यांची बाळंतपणं करायची म्हणजे नाकं मुरडली जाणारच. त्यांनी डफरिनमध्ये, म्हणजे आजच्या डागा रुग्णालयात, शिक्षण घेतलं आणि १९२१ मध्ये वेणूताई नेनेंना सोबत घेऊन मातृसेवा संघाचं प्रसूतिगृह काढलं. खाटा चार. सुरू करणाऱ्या दोघी. म्हणजे दोन खाटांमागे एक! भारतीय परिचर्या परिषदेचं आजचं प्रमाण शिकवणाऱ्या रुग्णालयांत तीन खाटांमागे एक, इतरत्र पाचांमागे एक, वर रजेसाठी तीस टक्के जादा, असं आहे. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला त्यांचं हे प्रमाणच जास्त मोलाचं वाटतं. आजीच्या वॉर्डात मी जमिनीवरच्या गाद्यांसकट एकदा मोजलं होतं. चाळिसाच्या पुढे मोजायचं सोडून दिलं. सिस्टर दोन.

कमतरता काही नागपूरचीच नाही. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालात जगभरात ५९ लाख परिचारिका कमी असल्याचं म्हटलं होतं. तरी इथे जागा भरायच्या त्या बाह्यस्रोतातून, हा हट्ट. मे २०२२ च्या अखेरीस राज्यभरातल्या सरकारी परिचारिका त्याविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘रुग्णांना वाऱ्यावर सोडलं’ अशी ओरड झाली. रुग्ण रोजच वाऱ्यावर असतात, त्या दिवशी फक्त ते बाहेरच्यांना दिसलं, असं माझं मत. तुझ्या बाबांचं वेगळं आहे, ते तुला ऐकवतीलच.

तू जर्मन शिकतेयस हे तुझ्या आईकडून कळलं. चोरून कशाला? २०२४ मध्ये आपल्या सरकारनेच बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचारिकाही आल्या. घरात यावरून वाद आहे. आई रडते, आजी म्हणते, ‘‘जाऊ दे न तिला, तिथे तरी वेळेवर जेवेल.’’ मी तुला थांब म्हणणार नाही. ज्या पगारात आणि ज्या करारावर तुम्हाला इथे ठेवतात, ते बघता थांब म्हणायला तोंड नाही.

मात्र उलट टपाली दोन गोष्टी कळव. तुझ्या वॉर्डात नाइटला किती पेशंट आणि तुम्ही किती जणी, खरा आकडा. आणि तुमच्या कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी आहे ना?

तुझा,
मामा