नावांवाचून चेहरे

छायाचित्र माणसाला जपते, असे आपण सहज म्हणतो. आम्हाला मात्र वाटते, ते चेहरा जपते. माणूस जपणे हे आपलेच काम आहे.

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिचे एक सदस्य विल्यम जॉन्सन यांनी येथील लोकांची छायाचित्रे 1863 व 1866 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. माणसांना एकीकडे उभे करून टिपायचे आणि मागे दुसरेच दृश्य जोडायचे, अशी त्यांची रीत. चित्रांना ओळख दिली ती जातीची, जमातीची, व्यक्तीची नव्हे.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. ऑक्टोबर 1862 मध्ये न्यूयॉर्कला मॅथ्यू ब्रॅडी यांच्या दालनात अँटिटमच्या रणभूमीवरील मृतांची छायाचित्रे मांडण्यात आली. ती टिपली अलेक्झांडर गार्डनर व जेम्स गिब्सन यांनी. नाव झाले ब्रॅडींचे. त्यांत दिसणारे सैनिक तर अनामच राहिले.

आपल्याकडे युद्धासारखाच काळ आणला प्लेगने. 1896 साली मुंबईत ही साथ ओळखली, ती डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती डॉक्टरांनी. त्या साथीतील रुग्णालयांची छायाचित्रे आजही उपलब्ध आहेत. खाटेवरच्या रुग्णांची नावे कोण सांगणार? मार्च 1897 पासून पुण्याच्या पेठांत सैनिक घरोघर शिरले. 22 जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. रँड आणि चापेकर बंधू इतिहासाला ठाऊक आहेत. ज्यांचे संसार रस्त्यावर आले, ते नाहीत.

बुधवार पेठेतून जाताना आम्हाला हे सारे आठवते. तेथील ज्या गल्ल्यांचा उल्लेख लोक कुजबुजत करतात, तेथे दारात उभ्या असलेल्या स्त्रीवर कोणी न विचारता मोबाइल रोखत असेल, तर तोही तिला केवळ नमुना करून टाकतो. तिलाही आईने ठेवलेले नाव आहे.

वाचकहो, नोव्हेंबरात आपण मृतांच्या नावांच्या याद्या वेदीपाशी देतो, कारण प्रार्थना नावानिशी करायची असते. घरातील जुनी छायाचित्रे एकदा बाहेर काढा. आजी हयात आहे तोवर तिला विचारून प्रत्येकामागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवा. आणि परक्याचे छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची अनुमती मागा, जमल्यास नावही विचारा. माणसाला माणूस मानण्याचा आरंभ तेथूनच होतो.