शामायच्या वहीतलं काफ्रियाल

नाताळला आमच्या भालकीच्या घरी काफ्रियाल होतंच. शामाय, म्हणजे माझी आजी, लग्न होऊन गोव्याहून इकडे आली ती हा पदार्थ सोबत घेऊनच. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, मिरी, दालचिनी, लवंग वाटायचं, लिंबू पिळायचं, कोंबडीला चोळून रात्रभर ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी तेलावर भाजायचं. गोव्यात ते पावाबरोबर खातात. आमच्या शेजारच्या काकू ज्वारीच्या भाकरी घेऊन येतात आणि वाडगाभर काफ्रियाल घेऊन जातात.

शामायला आता नीट दिसत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिच्या कृती वहीत उतरवायला बसले. त्याच वेळी मी अभ्यासासाठी हिल्डागोंडा डकिट यांचं १८९१ सालचं, दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीतलं पाककृतींचं पुस्तक वाचत होते. त्यात बोबोटी आहे, म्हणजे खिमा, करी पावडर, दुधात भिजवलेला पाव आणि अंडं. वाचताना आपलंच काहीतरी वाचतोय असं वाटलं. आणि ते खरंही आहे! डचांनी इंडोनेशिया, मादागास्कर, मोझांबिक, शिवाय आपल्या बंगाल आणि मलबारहूनही माणसं गुलाम करून केपला नेली. त्यांच्या हातांनी ही चव घडली. कृती कुठल्या बाईंकडून मिळाली ते डकिट बऱ्याचदा लिहितात. पण चुलीपाशी राबणाऱ्यांची नावं मला फारशी सापडली नाहीत.

मग आपल्या काफ्रियालचं काय? शोधलं, तर तेही आफ्रिकेचंच निघालं. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालवत. तिथून गुलाम गोव्यात आणले जात. काळ्या माणसांना पोर्तुगीज ‘काफ्रे’ म्हणत, मूळ अरबी ‘काफिर’. त्यावरून काफ्रियाल. दक्षिण आफ्रिकेत आज हा शब्द शिवी आहे, तो वापरल्याबद्दल कोर्टात शिक्षाही झाली आहे. आणि आम्ही प्रार्थना करून तोच शब्द ताटात वाढतो.

आपल्या बिदरलाही आफ्रिकेतून माणसं आली. ती सरदार झाली, म्हणून तिथे हबशी कोट आहे, त्यांच्या कबरी आहेत. गोव्याच्या स्वयंपाकघरात राबलेल्यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही.

खरं सांगायचं तर शामायला हे सांगावं की नाही, दोन दिवस ठरेना. नाताळचा तिचा एकच हट्टाचा पदार्थ, त्याची चव बिघडवायची कशाला? शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “जाणें शिकयलें, ताचें नांव कितें?”

मला उत्तर देता आलं नाही. नाव बदलून ‘हिरवी कोंबडी’ लिहू का, असं मी विचारलं. तिने मान हलवली. म्हणाली, नाव पुसलंस तर ती माणसंही पुसली जातील.

म्हणून वहीत नाव तेच ठेवलंय. खाली एक ओळ वाढवली आहे: ‘मोझांबिकहून गुलाम करून गोव्यात आणलेल्या माणसांकडून. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.’ त्याखाली साहित्य आणि कृती. यंदा जेवणाआधीच्या प्रार्थनेत शामाय त्यांचीही आठवण काढणार आहे.