पेठेतली पाटी, फाट्यावरचा फलक

भोर-वेल्हे भागात दुकानाला नाव शोधायला फार डोके खाजवावे लागत नाही. मान वर केली की राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर यांपैकी काही ना काही दिसतेच. त्यामुळे किराणा असो, गॅरेज असो की खानावळ, पाटीवर गडाचे नाव ठरलेले. साखर कारखाना राजगड, शिक्षणसंस्था राजगड, पोलीस ठाणे राजगड. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नावच राजगड करायला मान्यता दिली. याच भागात एखाद्याने परमिट रूम काढली, तर तिला मात्र हे नाव लावता येत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार मद्यविक्री होते त्या ठिकाणाला गडकिल्ल्यांचे किंवा महनीय व्यक्तींचे नाव देण्यास मनाई आहे. गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्याला हा नियम पटवून द्यावा लागत नाही. अडचण येते ती जुन्या हॉटेलांची. नाव वडिलांनी ठेवलेले, परवाना मुलाने नंतर काढलेला, आणि आता पाटी उतरवायची वेळ आलेली.

संपादकांनी दुकानांच्या पाट्या आणि सार्वजनिक फलकांचे नियम या विषयावर लिहायला सांगितले, आणि फार तांत्रिक नको, अशी सूचनाही केली. ती पाळण्याचा प्रयत्न करतो. पण पाट्यांचा विषय निघाला की चर्चा एकाच प्रश्नावर येऊन थांबते: पाटी मराठीत आहे की नाही? प्रश्न मोलाचा आहे, आणि त्याचा निकाल लागलेला आहे. माप, वजन, उंची, परवाना आणि जबाबदारी हे प्रश्न मात्र तसेच लोंबकळत राहिले आहेत. मोठ्या शहरात एखादा सांगाडा कोसळला की चार दिवस त्यांची आठवण होते. भोरसारख्या वीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावात तेवढीही होत नाही.

मराठीचा निकाल कसा लागला, ते थोडक्यात सांगतो. २०१७ चा आस्थापना कायदा मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना लागू होता. त्याखालची दुकाने मराठी पाटीच्या सक्तीतून निसटत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. दहा कामगारांचे दुकान भोरच्या पेठेत शोधावेच लागेल, म्हणजे ही दुरुस्ती खरे तर अशाच पेठांसाठी होती. व्यापारी संघटना उच्च न्यायालयात हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापुढे निकाली निघाला. पाटीवर वर मराठी आणि खाली उर्दू होती. मराठी असताना सोबत उर्दू असायला कायद्याची आडकाठी नाही, असे न्यायालयाने सांगितले. छोट्या नगरपरिषदेच्या दारावरची एक पाटी दिल्लीपर्यंत जाते, यावरून हा विषय किरकोळ नाही हे लक्षात यावे.

आता कायद्याच्या ज्या एका ओळीवरून माझे अनेकांशी वाद झाले आहेत, तिच्याकडे येतो. मराठी अक्षरे पाटीवर आधी यावीत आणि त्यांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा, असे कायदा म्हणतो. वाचायला सोपे वाटते. पण आकार मोजायचा कुठून कुठपर्यंत?

इंग्रजीची मोठी अक्षरे वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत सगळी जागा भरतात. देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात, आणि खाली उकार आणि ऋकार लटकतात. 'तुळजाभवानी कृषी सेवा केंद्र' अशी पाटी बारा इंचांच्या पट्टीत बसवली, तर वरच्या वेलांट्या-मात्रांना आणि खालच्या उकारांना जागा सोडून मूळ अक्षराला सहा-सात इंच उरतात. शेजारी बारा इंचांच्याच पट्टीत इंग्रजी मोठी अक्षरे लावली, तर ती पुरी बारा इंच. कागदावर दोन्ही समान, आणि रस्त्यावरून पाहिले तर मराठी निम्मी. संगणकावरही हेच घडते. दोन्ही लिप्यांना एकच आकडा दिला, तरी बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी बारीकच दिसते. फ्लेक्सवाला म्हणतो, साहेब, साईज सेम आहे. तो खोटे बोलत नाही. तपासायला आलेला माणूसही तेच लिहून जातो, आणि कायद्याचा हेतू त्या पाटीवरच हरतो.

याचे उत्तर हाताने पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला फार आधीपासून ठाऊक आहे. तो खडूची पूड लावलेली दोरी ताणतो आणि पत्र्यावर दोन रेघा मारून घेतो. वरच्या रेघेवर शिरोरेषा, खालच्या रेघेवर कान्याचा पाय. वेलांटी आणि उकार या दोन रेघांच्या बाहेर, त्यांच्यासाठी जागा वेगळी राखलेली. म्हणजे त्याचे माप मूळ अक्षराचे असते. नगरपरिषदेने फलकांसाठी उपविधी करावा आणि त्यात एवढेच लिहावे: देवनागरी अक्षराची उंची शिरोरेषेपासून कान्याच्या टोकापर्यंत मोजावी आणि ती शेजारच्या इंग्रजी मोठ्या अक्षराच्या उंचीपेक्षा कमी नसावी. हे कायद्याच्या पलीकडे जाणे आहे, असा आक्षेप मला वारंवार ऐकावा लागतो. तो मला मान्य नाही. कायद्याने अट घातली. मोजायचे कसे हे न सांगता तिची अंमलबजावणी होणार तरी कशी?

पेठेत इंग्रजी शिरते तीही बहुधा दुकानदाराच्या हौसेने नव्हे. मोबाईलची, शीतपेयाची किंवा रंगाची कंपनी बोर्ड फुकट करून देते. चार पंचमांश जागेवर तिचे चिन्ह आणि कोपऱ्यात दुकानाचे नाव. गिऱ्हाइकाला दुकान सापडावे म्हणून लावलेली पाटी प्रत्यक्षात कंपनीची जाहिरात होऊन बसते. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, कारण साधा ग्लो साइन बोर्ड करायचा तरी त्याला हजारो रुपये मोजावे लागतात. म्हणून नियमात दुकानाची नामपाटी वेगळी आणि जाहिरात वेगळी धरायला हवी. नामपाटीला शुल्क नसावे. तिच्यावरचा कंपनीचा भाग एका ठरावीक हिश्शाबाहेर गेला, की त्या भागावर जाहिरातीचे परवाना शुल्क लागावे. जाहिरातकर १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा करात गेला, त्यामुळे पालिकेच्या हाती आता हे शुल्कच उरले आहे. भोरसारख्या 'क' वर्ग पालिकेला ही रक्कम सोडून चालत नाही.

मापांबाबत छोटी गावे एक घोडचूक करतात. ती महानगरपालिकांचे नियम उचलतात. होर्डिंगसाठी ४० बाय ४० फूट ही मुंबईची मर्यादा. जिथे दुकानाचा गाळाच दहा-बारा फुटांचा आहे, त्या पेठेत या आकड्याचा उपयोग काय? ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराने १ जानेवारी २००७ पासून रस्त्यावरच्या जाहिराती बंद केल्या, तेव्हा दुकानांच्या पाट्यांचे माप दर्शनी भागाच्या रुंदीशी जोडले. दहा मीटरपेक्षा कमी रुंदीच्या दुकानाला दीड चौरस मीटर, त्याहून मोठ्याला शंभर मीटरपर्यंत चार चौरस मीटर. शहर अवाढव्य, नियम मात्र मेजरिंग टेप घेऊन कोणीही तपासावा असा. भोरलाही असाच सोपा नियम हवा. पाटी गाळ्याच्या रुंदीबाहेर जाऊ नये. वरच्या मजल्याची खिडकी झाकू नये. रस्त्यावर आडवी काढलेली पाटी असेल, तर खाली माणसाच्या डोक्यावर किमान अडीच मीटर मोकळे असावेत. आणि जिथून एसटी किंवा उसाची ट्रॉली जाते, तिथे ती रस्त्यावर काढूच नये. भोर हे पंत सचिवांच्या संस्थानाच्या राजधानीचे गाव आहे. राजवाड्याच्या आसपास अजून लाकडी खांब, सज्जे, कोरीव तुळया दिसतात. त्यांच्यावर ॲक्रिलिकचा पत्रा ठोकला, की गावाची ओळख खिळ्यागणिक झाकली जाते.

आता वाऱ्याचे गणित, कारण ते टाळणे मला शक्य नाही. भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या वेगाला तो चौरस मीटरमागे सुमारे ९३ किलो भरतो. २० बाय १० फुटांच्या साध्या फलकाचे क्षेत्रफळ साडेअठरा चौरस मीटर. म्हणजे त्याच्यावर जवळपास १.७ टनांचा रेटा. हे सपाटीवरचे झाले. डोंगरउतारावर किंवा माथ्यावर वेग जास्तीत जास्त १.३६ पट धरावा, असे तेच मानक सांगते. वर्ग केला की दाब १.८५ पट होतो आणि रेटा तीन टनांवर जातो. फार्महाऊसच्या प्लॉटची जाहिरात दुरून दिसावी म्हणून फलक नेमका टेकाडावरच उभा करतात. ज्याच्या शेतात तो उभा आहे त्याला वर्षाचे भाडे ठाऊक असते. हे तीन टन त्याला कोणी सांगितलेले नसतात.

५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात जुन्या बाजाराजवळ होर्डिंगचा सांगाडा काढत असताना तो कोसळला आणि चार जण गेले. १७ एप्रिल २०२३ रोजी किवळ्यात पाच जण. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला १७ जण; तिथला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. जुन्या बाजाराची घटना विशेष लक्षात ठेवायला हवी. 'अनधिकृत फलक ताबडतोब पाडा' अशी मागणी दर पावसाळ्यापूर्वी होते आणि ती रास्त आहे. पण पाडणे हेही जाणकाराच्या देखरेखीखाली करायचे काम आहे, हे मागणी करणाऱ्यांच्या गावी नसते.

वेल्ह्यात प्रश्न वेगळा. तिथे नगरपरिषद नाही. ग्रामपंचायत आहे, काही भागात पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, रस्ता सार्वजनिक बांधकामचा, चेलाडी फाट्याशी राष्ट्रीय महामार्ग, डोंगरावर वन विभाग, आणि राजगड किल्ला राज्य पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी वास्तूंच्या बारा किल्ल्यांमध्ये राजगडाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. परगावचे पाहुणे वाढणार, आणि त्यांना वाट दाखवणारी पाटी कोणाची, हे एका कार्यालयाने सांगायची सोय नाही.

तालुक्याच्या नव्या नावाने यात भर पडते. राजगड तालुक्याचे तहसील कार्यालय वेल्ह्यात, म्हणजे तोरण्याच्या पायथ्याशी. राजगड किल्ल्यासाठी मार्गासनीहून साखर, गुंजवणे असे वेगळे वळावे लागते. फाट्यावर नुसते 'राजगड' आणि बाण लिहिला, तर सातबाऱ्यासाठी निघालेला माणूस गुंजवण्यात पोचेल आणि गड चढायला आलेली मुले तहसीलदारांच्या दारात. म्हणून फलकावर 'राजगड किल्ला (गुंजवणे)' आणि 'राजगड तहसील कार्यालय (वेल्हे)' असे पूर्ण लिहिणे आवश्यक आहे. हे पावसाळी धुक्यात, संध्याकाळी, मोटारसायकलवरून वाचता येईल एवढ्या अक्षरात हवे.

राहता राहिला फ्लेक्स. साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी सविस्तर निकाल दिला. परवान्याशिवाय फलक नको आणि फलकावर परवान्याचा क्रमांक व मुदत दिसली पाहिजे, हे आता कोणाला नव्याने सांगायची गरज नसावी. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. तरीही वाढदिवस आला की चौक झाकला जातो, आणि विचारले तर उत्तर ठरलेले: चार दिवसांचा तर आहे! ते उत्तर ऐकून मी थकलो आहे. चार दिवसांचा बॅनर उतरवायला शिडीवर चढतो तो पालिकेचा कर्मचारी. त्याच गावात राहणारा. त्याला रात्री फोन येतात. उपविधी कितीही नेटका लिहिला तरी या माणसाच्या पाठीशी कोण उभे राहणार, याचे खात्रीचे उत्तर माझ्याकडे नाही. निदान उतरवण्याचा आदेश मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने निघावा आणि त्याची प्रत सूचनाफलकावर लागावी, म्हणजे राग शिडीवरच्या माणसावर निघणार नाही.

भोरने सुरुवात मोजणीपासून करावी. प्रत्येक फलकाची जागा, माप, परवान्याची तारीख, आणि जमिनीवर उभा असेल तर संरचना अभियंत्याचा दाखला अशी यादी मे अखेर गावापुढे ठेवावी. मग दोन पानांचा उपविधी, त्यावर हरकती आणि सूचना, मग मंजुरी. यादीतली पहिली पाने पालिकेच्या स्वतःच्या फलकांची असावीत: स्वागत कमानी, योजनांचे बोर्ड, उद्घाटनांच्या पाट्या. कारण पहिली हरकत पेठेतून येईल, आणि ती याच फलकांकडे बोट दाखवून येईल.