पाइपचा श्वास

सासूबाईंना जिना चढवेना, म्हणून बडोद्याच्या घरी तळघरातच त्यांच्यासाठी संडास-बाथरूम करून घेतलं. तळघर रस्त्याच्या गटारापेक्षा खाली, म्हणून मैलापाणी आधी टाकीत, मग पंपाने वर.

महिन्याभरात वास सुटला. सासूबाई पाणी मोजून वापरणाऱ्या. थेंबातही जीव मानणाऱ्या. मी फटकन म्हटलं, “आई, संडासात जरा जास्त पाणी ओतत जा ना!” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एक बादली जास्त ओतू लागल्या. वास वाढलाच.

प्लंबरने मोरीची जाळी उचलली. “बेन, पाइपला हवाच नाही.” जाळीखालच्या वाकात जेमतेम 2 इंच पाणी साठून राहतं, तेच गटारातला वास अडवतं. हवेचा पाइप नसला, की संडासातून जोराने जाणारं पाणी तेही ओढून नेतं. म्हणजे मी ओतायला लावलेल्या बादलीनेच वासाला वाट करून दिली होती!

बाथरूमचा आणि टाकीचा, दोन्ही हवेचे पाइप गच्चीच्या वर नेले. वास गेला.

संवत्सरीची वाट न बघता मी त्यांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मग आता ती बादली बंद करू ना गं?”